त्रेचाळिसावा दात

बाबांचं हात धुणं हा आमच्या घरातला रोजचा संध्याकाळचा विधी होता. आधी रॉकेलचा बोळा, मग कपड्याचा साबण, मग आईनं पुढे केलेली अर्ध्या लिंबाची फोड. एवढं करूनही नखांच्या कडेला एक काळी रेघ राहायचीच. आई ती रेघ बघायची आणि ताट वाढायला घ्यायची. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक लांब गच्ची, एवढं आमचं भाड्याचं घर. खाली गल्लीतल्या देवळात आरती सुरू व्हायची, साधारण त्याच वेळेला बाबांची स्कूटर यायची आणि मी पुस्तक मिटून पाट मांडायची. मंगळवारी वडाभात. भरडलेल्या डाळींचे गरम वडे मोकळ्या भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीचं कडकडीत तेल घ्यायचं. बाकीच्या दिवशी वरण, भात, पोळी आणि बाजारात स्वस्त असेल ती भाजी. थंडीत ती बहुतेक लाल भाजी, म्हणजे लाल माठ असायची, तिच्यानं भात गुलाबी व्हायचा आणि मला तो रंग फार आवडायचा. अजूनही आवडतो.

बाबा मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट म्हणून रायपूरला आले, वीस-बावीस वर्षं नोकरी केली आणि मी आठवीत असताना ती सोडून दिली. का सोडली, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. आईनं फारच लावून धरलं की म्हणायचे, "तिथं मले घड्याळ पाहून काम करा लागत होतं. आता काम पाहून घड्याळ पाहतो." मिळालेल्या पैशांचे त्यांनी दोन भाग केले. एका भागातून शहराबाहेर टाटीबंधच्या पुढे, धानाच्या शेतांना लागून एक छोटा प्लॉट घेतला आणि तो आईच्या नावावर केला. दुसऱ्या भागातून गुढियारीत एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, एक जुनं लेथ मशीन घेतलं आणि एक त्याहून जुनं मिलिंग मशीन. शेडवर पाटी लावली, ‘यहाँ गियर काटे जाते हैं’. पाठीमागे रेल्वेचा मालधक्का. दिवसभर मालगाड्यांच्या वाघिणी एकमेकींवर आपटायच्या, पोत्यांचे ट्रक उलटे यायचे, हमालांच्या हाका चालायच्या, आणि त्या सगळ्या गदारोळात बाबांचं मशीन आपल्या एका सुरात लोखंड कापत बसायचं.

लेथवर दुकालू भैया असायचे. ते आरंगच्या बाजूच्या एका गावचे, बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, शांत माणूस. मला ते ‘नोनी’ म्हणायचे, छत्तीसगढीत लेकीला म्हणतात तसं. काहीही सांगितलं तरी त्यांचं एकच उत्तर असायचं, "हव", म्हणजे हो, आणि काम झालेलं असायचं. धानाची कापणी आली की मात्र ते पंधरा दिवस गावाला जायचे, आणि त्यांना कुणी अडवायचं नाही.

शेडमध्ये माझं काम नववीत सुरू झालं, सुटीच्या दिवसांत. गियर म्हणजे दात असलेलं चाक. मिलिंग मशीनवर लोखंडाची गोल चकती बांधायची, कटरनं एक खाच पाडायची, मग चकती नेमकी एका दाताइतकी फिरवायची आणि पुढची खाच पाडायची. ही ‘नेमकी एका दाताइतकी’ म्हणजेच सगळी विद्या. त्यासाठी एक हँडल असतं, त्याच्यामागे भोकांची वर्तुळं असलेली थाळी असते. हँडलची पिन एका भोकातून काढायची, ठरलेली भोकं मोजून पुढच्यात बसवायची. मोजणी सोपी व्हावी म्हणून थाळीवर दोन पितळी पट्ट्या असतात, पण आमच्या मशीनच्या पट्ट्या केव्हाच ढिल्या झाल्या होत्या. भोकं डोळ्यांनी मोजावी लागत. बाबांचा चष्म्याचा नंबर वाढला तसं ते मोजणं माझ्याकडे आलं. ते कटरकडे बघायचे, मी थाळीकडे. मला त्या कामाचा कंटाळा आला नाही कधी. मोजताना डोक्यात दुसरं काही राहत नाही, आणि त्या वयात तो मोठाच आराम असतो.

मी एम.कॉम.ला गेले त्याच सुमारास रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. आमच्या गल्लीला ते पहिल्यांदा कळलं ते भाड्यांवरून. भोपाळहून बाबू लोक आले, त्यांना घरं हवी होती, आणि ज्या खोलीला कुणी विचारत नव्हतं तिच्यासाठी लोक आगाऊ पैसे घेऊन उभे राहू लागले. लाल दिव्याच्या गाड्या दिसू लागल्या. पोहेवाल्यानं ठेल्याच्या पाटीवर ‘राजधानी’ असा शब्द वाढवला. आईच्या प्लॉटच्या आजूबाजूला लोक फीत घेऊन जमिनी मोजत फिरू लागले, आणि दर आठवड्याला कुणीतरी येऊन नवा भाव सांगून जायचं. आई ऐकून घ्यायची. "आपण काहीच नाही केलं अन् तो महाग होऊन राहिला," एवढंच म्हणायची, जरा संशयानंच. गुढियारीत तर कामाला तोटाच राहिला नाही. राइस मिल आधीपासून होत्या, आता उरला-सिलतराकडे लोखंडाचे कारखाने उभे राहत होते, आणि जिथे मशीन तिथे गियर, जिथे गियर तिथे कधी ना कधी तुटलेला दात.

अशाच दिवसांत एकदा आमच्या सरांनी वर्गात फळ्यावर लिहिलं, कॅपिटल गियरिंग. मला हसू आलं. आमच्या वर्गात कटिंग ऑइलच्या वासात वाढलेली मी एकटीच असणार. त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं, "आज सरांनी गियरिंग शिकवलं."

बाबांचा घास हातातच राहिला. "कॉलेजात? कोणत्या मशीनवर?"

"मशीनवर नाही. पैशाचं गियरिंग. धंद्यात आपलं भांडवल किती अन् कर्जाचं किती, ते प्रमाण. आपला एक रुपया अन् कर्जाचे चार, म्हणजे गियरिंग जास्त. धंदा चालला की पाच रुपयांची कमाई येते, व्याज दिलं की बाकी सगळी आपल्या एका रुपयाची."

"अन् नाही चालला तं?"

"मग पाच रुपयांचा तोटाही त्या एकाच रुपयावर येते."

बाबांनी ताटातली आमटीची वाटी उचलून ताटाच्या कडेला टेकवली. "हे पाय. वाटी म्हणजे लहान चाक, ताट म्हणजे मोठं. वाटीनं ताट फिरवलं, तं वाटीचे चार फेरे होतील तवा ताटाचा एक होईल. वेग गेला, पण ताकद आली. मिलमधलं अवजड काम असंच चालते. उलटं जोडलं, ताटानं वाटी फिरवली, तं वेग येते अन् ताकद जाते. दोन्ही एका वेळेस कोणालेच भेटत नाही. तुह्या सरांनी कोणतं शिकवलं?"

मी विचार केला. "वेगाचं."

"मग ताकद कुठून आणून राहिले, ते इचार त्यांना."

आई म्हणाली, "आधी वाटी खाली ठेवा, आमटी सांडते." दुसऱ्या दिवशी मी सरांना खरंच विचारलं. ते म्हणाले, बाजारातून. सगळा वर्ग हसला, मीही हसले. तेव्हा मला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं.

थोड्याच दिवसांनी सेठ बिहारीलाल शेडवर आले. मालधक्क्यापासून जवळच त्यांची मोठी राइस मिल होती आणि बाबा सुरुवातीपासून तिचं काम करत होते. पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, बोलणं मोजकं. ते लोखंडाच्या कारखान्यात उतरत होते. दुकालू भैयांनी आणलेला चहा संपवून म्हणाले, "भाऊ, नया राज्य है. हर महीने कुछ नया खुल रहा है. मैं गियर नागपुर से क्यों मँगवाऊँ? आप बड़ी मशीन डालिए. साल भर का काम मैं लिखकर देता हूँ." बड़ी मशीन म्हणजे हॉबिंग मशीन. तिच्यात हातानं मोजणं नसतं. कटर आणि चकती एकमेकांशी जोडून फिरतात आणि दात आपोआप नेमके पडत जातात. जे काम आम्हाला दोन दिवस लागायचं ते ती दोन-तीन तासांत करते. बाबा रेल्वेत अशा मशीनजवळ उभे राहिलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

बँकेनं सांगितलं, सेठजींचं पत्र आणा, प्लॉट तारण ठेवा, प्रोजेक्ट रिपोर्ट आणा. रिपोर्ट मी लिहिला. प्लॉटचा भाव इतका चढला होता की आमच्या एका रुपयावर बँक चार द्यायला तयार होती, आणि मी चारही घेतले. दोन रंगांच्या शाईनं तक्ते केले, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. नफ्याचे आकडे उजवीकडे सरकताना फुगत जायचे आणि मला ते बघत राहावंसं वाटायचं. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." आईला विचारलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती, आमच्याकडे तिला सांबार म्हणतात. ती म्हणाली, "ठेवा तारण. पण तिथं घर बांधायचं आहे, हे त्या बँकवाल्याले सांगून ठेवा." एवढीच तिची अट. आज त्या वाक्याचं वजन कळतं. स्वतःच्या नावावर असलेली एकच गोष्ट तिनं सांबाराच्या काड्या मोडता मोडता पुढे केली होती.

सह्या करायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आठवडाभर आधी सेठजींच्या मिलचं मोठं गियर गेलं.

सकाळी त्यांचे मुनीमजी सायकलवरून आले ते धापा टाकतच. हंगाम भरात होता, मिलच्या बाहेर धानाचे ट्रक उभे होते आणि मिल बंद पडली होती. दुकालू भैया कापणीसाठी गावाला. बाबांनी शेडमधली ओतीव बिडाची एक चकती काढली, दिवसभर लेथवर बसून ती स्वतः खरादली, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "दोन दिवस कॉलेज राहू दे. अडुसष्ट दात आहेत."

अडुसष्ट दात म्हणजे सतरा भोकांच्या वर्तुळात दर वेळी दहा भोकं पुढे जायचं. मला ते पाठ होतं. पहिल्या दिवशी चकती बांधण्यातच दुपार झाली, पुढचं सरळ गेलं. दुसऱ्या दिवशी आईनं डबा दिला, भात, वरण आणि सांबारवडी. जेवून आम्ही पुन्हा बसलो. ऊन पत्र्यावरून उतरून दारातून आत आलं होतं, मशीनचा आवाज एकसारखा होता, पोट भरलेलं होतं. मी पिन काढत होते, मोजत होते, बसवत होते. आणि मोजता मोजता मी रिपोर्टमधलं तिसरं वर्ष पुन्हा मांडायला घेतलं. सेठजींनी दीडपट काम दिलं तर? दुप्पट दिलं तर? नफा किती होईल, आईच्या प्लॉटवर एक मजला की दोन?

सहा वाजायच्या सुमाराला शेवटची खाच पडली. बाबांनी मशीन बंद केलं, ब्रशनं भुसा झाडला आणि वाकून बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. शेवटचा दात बारीक होता. फार नाही, पाचवा हिस्सा असेल. न समजणाऱ्याला तो दिसलाही नसता.

गियर कापण्यात ही एक गोष्ट क्रूर आहे. चूक जिथे होते तिथे ती दिसत नाही. तिच्यापुढचे सगळे दात बरोबर येतात, आणि शेवटच्या दाताला पहिल्यापाशी येऊन मिळायचं असतं, तेव्हा जागा कमी पडते. एक दात बारीक, म्हणजे कुठेतरी एक दात तेवढाच जाड. बाबांनी माप घेतलं, खडू घेतला आणि पहिल्या दातापासून एकेक मोजत निघाले. मी हँडलजवळ उभी होते. त्यांनी एका दातावर खडूची रेघ ओढली आणि म्हणाले, "त्रेचाळिसावा. दहाच्या जागी अकरा भोकं गेली."

त्रेचाळिसावा म्हणजे जेवणानंतरचा पाचवा-सहावा. तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर होते.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माठापाशी गेले, पाणी प्यायले आणि दारात उभे राहून मालधक्क्याकडे बघत राहिले. मी त्या गियरजवळ गेले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. "बाबा, जाड दात कानशीनं घासून टाकू न. बसंल तो. सेठजींना दिसणार नाही."

"बसंल."

"मग?"

"चालंलही. दर फेऱ्याले एक ठोका मारंल. महिनाभर कोणाले ऐकू येणार नाही. मग त्याच्यासोबतचं लहान चाक खराब करंल." त्यांनी भिंतीवरची कानस काढली. हे मला आजही स्पष्ट आठवतं, त्यांनी कानस काढली, अंगठ्यानं तिची धार पाहिली आणि त्या खडूच्या रेघेसमोर किती तरी वेळ उभे राहिले. सेठजींचं पत्र, मशीन, सह्यांचा दिवस, सगळं त्या वेळी त्यांच्यासमोर असणार. माझे बाबा काही संत नव्हते. शेवटी त्यांनी कानस परत खिळ्याला टांगली. "चाल," म्हणाले. "स्कूटरवर बस."

मिलच्या अंगणात ट्रकवाले चुली मांडून भात शिजवत होते. सेठजी गादीवर बसले होते. बाबा उभ्यानंच बोलले, "सेठजी, गियर बिगड़ गया. मेरी गिनती चूक गई. नया काटना पड़ेगा, तीन दिन और."

"तीन दिन?" सेठजींनी हातातला कागद खाली ठेवला. "बाहर गाड़ियाँ देखीं आपने?"

"देखीं."

मी म्हटलं, "गिनती मेरी थी, सेठजी. बाबूजी की नहीं."

सेठजी माझ्याकडे बघत राहिले. मी त्या शेडमध्ये काय करते हे बहुधा त्यांना माहीतच नव्हतं. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, मैं तो आपके भरोसे बड़ा काम सोच रहा था." आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "तीन दिन में दीजिए. वो चिट्ठी अभी रहने दीजिए."

पत्र नाही म्हणजे कर्ज नाही. घरी आईनं आमची तोंडं बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डबा खाल्ला होता का तुम्ही दोघांनी?" मी हो म्हटलं. "मग ठीक," ती म्हणाली, आणि मला इतकं रडू आलं की तोंड धुवायच्या निमित्तानं गच्चीवर जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ओळखीच्या फाउंड्रीतून नवी चकती आणली आणि खरादली. त्याच्या पुढच्या सकाळी ती मशीनवर चढली तेव्हा मी हँडलपासून लांब उभी राहिले. "दुसऱ्या कोणाले बसवा, बाबा. मले नाही जमत."

बाबा पाना फिरवत होते. मागे न बघता म्हणाले, "परवा ज्याची मोजणी चुकली, त्याच्याएवढा सावध माणूस आज अख्ख्या रायपुरात नाही. बस."

मी बसले. या वेळी मोठ्यानं मोजलं, एक ते दहा, अडुसष्ट वेळा, दोन दिवस. बाबांनी एकदाही वळून थाळीकडे पाहिलं नाही, आणि ते पाहत नाहीत हे मला दर दाताला जाणवत होतं. आत कुठेतरी मात्र एक हिशेब आपोआप होत होता, मी मांडत नसतानाही. समजा ते चार रुपये आम्ही आधीच घेतले असते. सेठजींनी पत्र मागे घेतलं असतं, चकती वाया गेली असती, चार दिवस दुसरं काम हातात नसतं, आणि हप्ता आपल्या तारखेला दारात उभा राहिला असता. माझ्या रिपोर्टमध्ये तीन वर्षांचा नफा होता. वाया जाणाऱ्या एका दुपारचा रकाना नव्हता. बाजारातून येते म्हणून सरांनी सांगितलेली ती ताकद एका माणसाच्या एका वाक्यानं परत गेली होती, तीही माझ्याच हातून जास्त गेलेल्या एका भोकामुळे.

शेवटचा दात पडला. बाबांनी तो मापला, मग पहिला मापला, मग मधले चार-पाच. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कुणाला मिळत नसे.

मिलमध्ये गियर बसवलं तेव्हा मीही गेले होते. पट्टा चढला, मोटर सुरू झाली, आधी जडपणे, मग वेग धरत सगळं फिरू लागलं. सेठजींनी चप्पल काढून पाऊल मशीनच्या पायापाशी फरशीवर टेकवलं. ठोका असेल तर तळपायाला कळतो, म्हणाले. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग मला विचारलं, "इस बार भी गिनती तुमने की?"

"जी."

"पढ़ती क्या हो?"

"एम.कॉम."

"अच्छा है," म्हणाले, आणि ट्रकवाल्यांना आत घ्यायला सांगायला बाहेर गेले.

आठवड्यानं मुनीमजी पुन्हा आले. सेठजींचं पत्र घेऊन, सही-शिक्क्यासह. बाबांनी ते वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. "आता सांग." मी तेव्हा नवा रिपोर्ट लिहून ठेवला होता, एकाच रंगाच्या शाईनं. एका रुपयावर एक रुपया. नवी मशीन नाही, जुनी घ्यायची, तीही वर्षभर थांबून आपला हिस्सा जमवून. आणि प्रत्येक तक्त्यात एक रकाना असा, की ज्यात सेठजींचं काम शून्य धरलेलं. त्या रकान्यातही हप्ता नुसत्या लेथच्या कामातून निघत होता. बाबांनी तो रकाना बोटानं वरून खालपर्यंत वाचला. दुकालू भैया गावाहून परतले होते, त्यांनाही दाखवला. "नोनीनं लिहिलं आहे. काय म्हणता?" दुकालू भैयांना आकडे फारसे वाचता येत नव्हते. त्यांनी कागद नीट धरून पाहिला आणि म्हणाले, "हव."

पुढे काही वर्षांनी लोखंडाचा भाव पडला तेव्हा कारखान्यांच्या पाळ्या बंद झाल्या. सेठजींनी स्वतः येऊन सांगितलं की वर्षभर काही देता येणार नाही. आमच्या ओळीतल्या दोन शेडमधल्या, कर्जावर घेतलेल्या मोठ्या मशीन ट्रेलरवर चढून गेल्या. त्या शेडचे दोघेही मालक आमच्यापेक्षा हुशार कारागीर होते, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. आमचे ते दोन हंगाम लाल भाजीवर आणि लेथवर निघाले. आईचं घर उशिरा झालं, पण झालं, आणि एकच मजला झाला. या वयात तिच्या गुडघ्यांना तो बरा पडतो. आता शेड माझ्याकडे आहे, मशीन सहा आहेत, आणि बँकेची तरुण मुलं हसत हसत जास्त कर्ज घ्या म्हणून सांगायला येतात. मी त्यांना चहा देते.

पण मला सांगायचं आहे ते त्या बँकेतल्या दुपारचं. वर्षभर थांबून आम्ही सह्या करायला गेलो, बाबा इस्त्रीच्या शर्टात, मी कॉलेजच्या सलवार-कुर्त्यात. मॅनेजरसाहेबांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "भाऊसाहब, आपको तो इससे दुगुना-तिगुना मिल सकता है. इतना कम क्यों ले रहे हैं?"

"बस इतना ही झेपता है," बाबा म्हणाले. त्यांच्या हिंदीत मराठी शब्द असे मधेच यायचे आणि रायपुरात ते सगळ्यांना कळायचे.

मॅनेजर फॉर्म भरू लागले. भागीदारांच्या रकान्यात त्यांनी बाबांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "दूसरे पार्टनर?" मला वाटलं बाबा दुकालू भैयांचं नाव सांगतील. त्यांनी माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मी त्यांच्याकडे बघितलं. याबद्दल घरी एक शब्द झाला नव्हता. आईला माहीत होतं, हे नंतर कळलं.

"बिटिया की उमर?" मग, "इनका अनुभव?"

"गियर कटिंग, आठ साल," बाबा म्हणाले. मग त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "एक गियर बिगाड़ा है. वो भी लिखिए."

मॅनेजर हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. "वो लिखने की जगह नहीं है इसमें," म्हणाले, आणि फॉर्म माझ्याकडे वळवला. "यहाँ साइन कीजिए, मैडम."

तोपर्यंत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. बाबांनी खिशातलं पेन काढून दिलं. त्यांच्या नखाच्या कडेची काळी रेघ आणि माझ्या नखाच्या कडेची, दोन्ही त्या पांढऱ्या कागदावर अगदी जवळ जवळ दिसत होत्या. मी माझं नाव लिहिलं.